बोलोन्यात नाताळचं जेवण, सोबत शाकाहारी आई

पोर्तिकोखालची

गेल्या नाताळात आई आमच्याकडे इटलीत, बोलोन्याला होती. मिरजेहून आली ती नोव्हेंबरअखेर, परत गेली संक्रांतीच्या आधी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मांस, मासे, अंडं काही चालत नाही. दूध, दही, लोणी, तूप चालतं. शेजारच्या सिन्योरांनी (म्हणजे बाईंनी) २५ डिसेंबरच्या जेवणाचं आमंत्रण दिलं तेव्हा पहिला विचार हाच आला, की आईला घरी ठेवून आपण जायचं कसं, आणि नेलं तर ती खाणार काय. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. ज्यांचे आईवडील हिवाळ्यात इकडे येतात त्यांना उपयोग व्हावा, आणि ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

इटलीत नाताळचं जेवण खरं तर घरचं. "नाताले कोन ई तुओई, पास्क्वा कोन की वुओई" अशी म्हणच आहे. नाताळ आपल्या माणसांत, ईस्टर वाटेल त्यांच्यासोबत. सिन्योरा ऐंशीच्या पुढच्या. इतकी वर्षं त्या दरवर्षी घरी तोर्तेल्लिनी, म्हणजे मांसाचं सारण भरून वळलेला बारीक पास्ता, करायच्या. आता संधिवाताने बोटं वळत नाहीत, मुलगा ऑस्ट्रेलियात. म्हणून या वेळी त्यांनी जुन्या शहरातल्या, कमानींखालच्या एका चांगल्या रेस्तराँमध्ये टेबल घेतलं आणि आम्हा चौघांना बोलावलं. "माझी माणसं म्हणून तुम्ही या," असं म्हणाल्या. अशा आमंत्रणाला नाही म्हणवत नाही.

त्या दिवशी इथली बरीच रेस्तराँ बंद असतात. जी उघडी असतात तिथे ठरलेला मेनू असतो, पैसे माणशी ठरलेले (आमचे ९५ युरो, वाइन वेगळी), आणि जागा कितीतरी आधी धरावी लागते. मेनू हातात आला तो असा: आधी मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि पार्मिजानो चीजचे तुकडे, मग ब्रोदोमधले, म्हणजे मांसाच्या पाण्यातले तोर्तेल्लिनी, मग हिरवी लझान्या, मग बोल्लितो म्हणजे उकडलेल्या मांसाचे प्रकार, सोबत मोस्तार्दा (मोहरीच्या तिखट पाकातली फळं), शेवटी मास्कार्पोने चीजच्या क्रीमसोबत पानेत्तोने (नाताळचा गोड पाव), चेर्तोझिनो केक आणि फळं. आईच्या दृष्टीने यात धड शाकाहारी म्हणजे शेवटची संत्री.

मी दहा दिवस आधी फोन केला. फोनवरच्या बाई फार समजूतदार होत्या. मांस नको, मासे नकोत, हे पहिल्या वाक्यात झालं. मग मी म्हटलं अंडं नको. त्या म्हणाल्या, मग आमची कुठलीच ताजी पास्ता चालणार नाही, कारण आमच्या एमिलिया भागाची स्फोल्या, म्हणजे पास्त्याची लाटलेली पारी, मैदा आणि अंडं, पाण्याचा थेंब नाही. मग त्यांनी विचारलं, पार्मिजानो चालेल ना? मी चटकन हो म्हटलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पण त्यात काल्यो असतं, तुमच्या आईंना ठाऊक आहे ना?"

काल्यो म्हणजे दूध जमवायचं विरजण म्हणा, पण ते वासराच्या पोटातून काढलेलं. मला हे माहीत नव्हतं. आणि मागचे पंधरा दिवस मी आईच्या भाजीवर, टोमॅटोच्या सारावर, पार्मिजानो किसून घालत होते. तिला आवडतं म्हणून. "याला छान खमंग वास आहे गं" असं ती म्हणायची.

फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. नवरा म्हणाला, आता सांगून काय होणार, पुढे घालू नकोस म्हणजे झालं. रात्रभर तोच विचार. सकाळी आई पूजेवरून उठली तेव्हा सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. तुळशीच्या मण्यावर अंगठा फिरवत होती, ही तिची सवय आहे. मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. आता कळलं ना? आता नको." आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजमधला तुकडा स्वतः कागदात गुंडाळून मला दिला, "सिन्योरांना देऊन ये, त्यांना चालतं." झालं, एवढंच.

त्या दिवशी पाऊण वाजता बसलो ते साडेचारला उठलो. पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ, माणशी तीन-तीन ग्लास, आणि सगळीकडे कुटुंबं: आजोबा, सुना, पाळण्यातली बाळं. आईला वाटलं होतं हॉटेल म्हणजे अनोळखी माणसं. बसल्यावर म्हणाली, "ही तर लग्नाची पंगत आहे." वाढपी एका टेबलावर सगळ्यांचं एकदम आणतात, सगळ्यांच्या पुढ्यात आल्याशिवाय कुणी सुरुवात करत नाही. तिला ते फार आवडलं.

तोर्तेल्लिनी आले. खोलगट बशीत सोनेरी पाणी, त्यात करंगळीच्या पेराएवढे वळलेले तुकडे. आईसमोर त्याच वेळी तिची बशी आली, वाफाळती पोलेंता आणि वर रानातल्या मशरूमची परतलेली भाजी, चीज न घालता. तिने चमच्याने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, या मक्याच्या कण्या." खरंच कण्याच त्या. मक्याचं भरड पीठ पाण्यात घोटत घोटत शिजवायचं, दुसरं काही नाही. सिन्योरांना मी सांगितलं की आमच्याकडे ज्वारीच्या असतात, ताकासोबत खातात. त्या म्हणाल्या, लहानपणी पोलेंता गरिबाचं जेवण होतं, आता बघ कुठल्या बशीत आली.

आईने विचारलं, ते सोनेरी पाणी कशाचं? सांगितलं, कोंबडा आणि गोमांस तासन् तास उकळून काढलेलं, आणि तेच उकडलेलं मांस नंतर वेगळं वाढतात. ती म्हणाली, "म्हणजे कटाच्या आमटीसारखं. डाळ पुरणाला, पाणी आमटीला." मी इतकी वर्षं इथे राहते, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. एकाच पातेल्यातून सणाचे दोन पदार्थ.

मग सिन्योरांनी आपला नॅपकिन उचलला. कडक इस्त्रीचा पांढरा चौकोन. तोर्तेल्लिनो कसा वळतात ते आईला दाखवायचं होतं. चौकोनाचा त्रिकोण केला, खालची कडा जरा वर दुमडली, आणि बोटाऐवजी आपल्या मनगटाभोवती गुंडाळून दोन टोकं एकमेकांवर दाबली. बोटं वाकडी, तरी हात अडला नाही. वरचं टोक मागे झुकवलं. आईने बघितलं, सिन्योरांच्या हातातून नॅपकिन घेतला, तळहातावर पसरला आणि कडेला चिमटीने एक एक कळी पाडत गेली. कळ्या एकत्र आणून वर टोक काढलं. मोदक. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. सिन्योरांनी तो कापडी मोदक ताटाशेजारी ठेवून दिला आणि वाढपी बशा उचलायला आला तेव्हा त्याला हात लावू दिला नाही.

बोल्लितोच्या वेळी आईसाठी तेलात शिजवलेल्या मसुरा आणि भाजलेला रादिक्क्यो (कडवट लाल पालेभाजी) आला. गोडात पानेत्तोने नाही (अंडं, तेही भरपूर). चेर्तोझिनो हा बोलोन्याचा नाताळचा केक, मध, बदाम, सुकवलेली फळं, चॉकलेट असा घट्ट. त्यांच्याकडच्यात अंडं नव्हतं, वाइनही नव्हती, हे फोनवरच विचारून घेतलं होतं. आईने दोन तुकडे खाल्ले.

आईच्या जेवणाचे त्यांनी कमी पैसे लावले, आम्ही न सांगता.

---

रानजाई

किती मन लावून लिहिलंय. नॅपकिनच्या मोदकाला डोळे भरून आले. काकूंना नमस्कार सांगा.

---

चवदार

खूप आवडलं. थोडी भर घालतो. बोलोन्याचे लोक तोर्तेल्लिनीबद्दल किती काटेकोर आहेत ते बघा: सारणाची कृती ७ डिसेंबर १९७४ रोजी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली गेली. डुकराचं मांस, प्रोश्शुत्तो, मोर्तादेल्ला, पार्मिजानो, अंडं, जायफळ. त्याआधी १९७२ मध्ये ताल्यातेल्ले या पट्ट्यांच्या पास्त्याची रुंदी नोंदवली, शिजल्यावर ८ मिलिमीटर. म्हणजे शाकाहारी तोर्तेल्लिनी असा प्रकार तिथे मागूच नये. रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले मोठे असतात ते तोर्तेल्लोनी, पण त्यात पारीला अंडं आलंच.

आकाराबद्दल दंतकथाही आहे. कास्तेल्फ्रांकोच्या खाणावळीत व्हीनस उतरली होती, खाणावळवाल्याने किल्लीच्या भोकातून तिची बेंबी पाहिली आणि तसा पास्ता वळला.

---

बाष्पक

काल्योच्या मुद्द्यावर. पार्मिजानो-रेज्जानोच्या नियमातच वासराचं काल्यो आहे, म्हणजे त्या नावाखाली शाकाहारी पर्याय मिळूच शकत नाही. ग्राना पादानोलाही वासराचंच लागतं. मोझ्झारेल्लातही पुष्कळदा तेच असतं. रिकोत्ता वरवर निर्धोक दिसतो, पण तो चीज करून उरलेल्या पाण्यापासून करतात, तेव्हा काटेकोर पाळणाऱ्यांनी तोही टाळावा. मास्कार्पोने मात्र साय आम्ल घालून घट्ट करतात, आपल्या पनीरच्याच तत्त्वावर, त्यात काल्यो नाही. दुकानातल्या साध्या चीजवर "काल्यो मिक्रोबिको" किंवा "काल्यो व्हेजेताले" लिहिलेलं असेल तर ते चालेल.

भारतात हिरवा ठिपका बघून चीज घ्यायची सवय असते, त्या ठिपक्यात प्राण्यांचं रेनेट (म्हणजे काल्योच) बसत नाही. त्यामुळे हा प्रश्न असतो हेच आपल्याला माहीत नसतं. तुमची यात काही चूक नाही.

---

तोरीनोकर

वेळेवर धागा सापडला. आई-पप्पा डिसेंबरात तोरीनोला येतायत. पप्पा अंडं खात नाहीत. २५ तारखेला ऑफिसच्या मित्रांसोबत मोठ्या रेस्तराँमध्ये जेवण ठरलंय. ई-मेल केला तर दोन ओळींचं उत्तर आलं, मेनू ठरलेला आहे, बदल होणार नाही. काय करावं?

---

पोर्तिकोखालची

@तोरीनोकर, ई-मेल नको, फोन करा. आणि जेवणाच्या वेळेत नाही, दुपारी चार-पाचच्या सुमारास, तेव्हा स्वयंपाकघर मोकळं असतं. "मेनू बदला" असं म्हणू नका, "एका ज्येष्ठ माणसासाठी एक साधी बशी करता येईल का" असं विचारा. तुमच्याकडे बान्या काउदा (लसूण-तेलाची गरम चटणी) असेल, ती भाज्यांसोबत येते म्हणून शाकाहारी वाटते, पण त्यात अँचोव्ही मासे असतात. सांभाळा.

@बाष्पक, रिकोत्ताचं माहीत नव्हतं. फार उपयोगी.

---

सह्यकडा

राग मानू नका, पण मला दोन गोष्टी पटल्या नाहीत. एक, सत्तरीच्या बाईला हे सगळं सोसायला लावायचं कशाला? घरी मऊ वरण-भात करून ठेवला असता तर ती सुखात जेवली असती. दुसरं, काल्यो नकळत पोटात गेलं होतं, ते सांगून तिला का दुखवलं? मी सांगितलं नसतं.

---

पोर्तिकोखालची

@सह्यकडा, राग कशाला. पहिल्याबद्दल: आई इथे दीड महिना होती. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, बाहेर पाच वाजता अंधार. सिन्योरांशी जिन्यात "बोंजोर्नो" एवढंच व्हायचं. तिला घरी ठेवून आम्ही सणाला बाहेर गेलो असतो तर वरण-भात तिच्या घशाखाली उतरला नसता. तिला मांसाचा वास सोसवतो, मिरजेत भावाच्या घरी होतंच. तिच्या ताटात नको एवढंच तिचं म्हणणं असतं.

दुसऱ्याबद्दल: माळ तिची आहे. ती तिने चाळीस वर्षं सांभाळली आहे. तिच्या ताटात काय येतं ते ठरवायचा हक्क तिचा, आणि मी लपवलं असतं तर तो मी काढून घेतला असता. सांगताना माझे हात कापत होते, खोटं नाही बोलत. पण त्यानंतर त्या रेस्तराँमध्ये ती प्रत्येक घास निःशंक खात होती, कारण मी विचारलंय आणि विचारलेलं सगळं तिला सांगितलंय हे तिला माहीत होतं.

---

मडगांवची

गोव्यातून लिहिते. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांतून नाताळात कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट येतं, त्यात नेवऱ्या असतातच. नेवरी म्हणजे तुमची करंजी, खोबऱ्याचं सारण, कडेला मुरड. आणि कुलकुल! पिठाची गोळी काट्याच्या चमच्यावर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, रेघा उठतात, मग तळायचं. बोलोन्याच्या बाजूला असं काही वळतात का?

---

चवदार

@मडगांवची, वळतात. रोमान्या भागात गार्गानेल्ली नावाचा पास्ता आहे. चौकोनी तुकडा काठीभोवती गुंडाळून कंगव्यासारख्या फळीवर दाबून फिरवतात, तशाच रेघा येतात. त्या फळीला ते पेत्तिने म्हणतात, म्हणजे कंगवाच.

---

न्यू जर्सीची माई

इकडे आमच्या भागात इटालियन वस्ती मोठी. त्यांचा भर २४ च्या रात्रीवर. त्या रात्री मांस नाही, फक्त मासे, सात प्रकारचे. आमच्या घरचे मासे खाणारे खूश, सासूबाई सॅलडवर. तुमच्यासारखा फोन करायचं सुचलंच नव्हतं. यंदा करते.

---

पोर्तिकोखालची

@न्यू जर्सीची माई, इटलीतही २४ ला व्रतासारखंच, मांस नाही. नेपल्सकडे ईल माशाचं प्रस्थ. उत्तरेत मांतोव्हाला त्या रात्री भोपळ्याचे तोर्तेल्ली करतात, सारणात भोपळा, आमारेत्ती बिस्किटं आणि मोस्तार्दा. अंडं आणि चीज चालणाऱ्यांनी २५ ऐवजी २४ ला तिकडे जावं, भाजी-गोडाचा सुंदर मेळ असतो.

सासूबाईंसाठी ब्रेडचंही विचारा. इथे एमिलियात पुष्कळ ब्रेडमध्ये आणि क्रेशेन्तिने या तळलेल्या पावांमध्ये स्त्रुत्तो असतं, म्हणजे डुकराची चरबी. आईला मी टेबलावरचा ब्रेड खाऊ दिला नाही, तिच्यासाठी साधा तेलाचा मागवला.

---

रानजाई

फोनवर नेमकं काय म्हणायचं ती वाक्यं लिहाल का? मला इटालियन येत नाही, पण मार्चमध्ये रोमला जायचंय.

---

पोर्तिकोखालची

@रानजाई, हे एवढं पुरतं. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओव्हा" म्हणजे मांस, मासे, अंडं नको. "सेन्झा फोर्माज्जो" चीज नको. "सेन्झा स्त्रुत्तो" चरबी नको. आणि रिझोत्तो किंवा सूप मागवलंत तर "इल ब्रोदो ए व्हेजेताले?" असं विचाराच. रिझोत्तो दिसायला पांढरा भात, पण बऱ्याच ठिकाणी मांसाच्या ब्रोदोत शिजवतात, आणि यादीत ते लिहिलेलं नसतं. इथे बिलावर "कोपेर्तो" दिसतो, तो माणशी बसण्याचा आकार, ब्रेड त्यातच येतो. त्यात फसवणूक नाही, पण रोममध्ये तो आकारायला मनाई आहे, तिथे ब्रेडचे पैसे लावू शकतात.

---

सह्यकडा

माळेबद्दल तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. माझ्या वडिलांना मी अशीच एक गोष्ट सांगितली नव्हती. ते आता नाहीत. काकूंना माझाही नमस्कार.

---

तोरीनोकर

फोन केला, साडेचारला. उचलला तो स्वयंपाक्यानेच. ई-मेल दुसऱ्याच कुणीतरी पाठवला होता म्हणे. पप्पांसाठी तो फारिनाता करणार आहे: हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या ताटात भट्टीत भाजलेलं. शिवाय भाजलेल्या सिमला मिरच्या, अँचोव्ही न घालता. पप्पांना सांगितलं की बेसनाचं जाड धिरडं असतं. ते विचारतायत हिरवी मिरची घालतात का. नाही म्हटलं, वरून मिरपूड घालतात. म्हणाले, चालेल.